नापासांचा डबा

दिवा लुकलुकला आणि देल्फिनाने पहिला फोन लावला तो सिल्व्हानोला. नवरा, एर्मेते, तीन पावलांवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता.

"लागला! सिल्व्हानो, लागला हो! एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. मी सांगितलं तस्संच करतोय!"

एर्मेतेच्या पोटात दुखलं. दिवा तो केवढा, तांदळाच्या दाण्याएवढा. कॉम्प्युटरवरून शिकवू ते काम करणाऱ्या, बिस्किटाएवढ्या निळ्या बोर्डावर बसलेला. असले बोर्ड याच गावात, इटलीतल्या इव्रेआत, जन्मले आणि जगभर गेले म्हणून लोकांना केवढा अभिमान. एर्मेतेने याच गावात तीस वर्षं टाइपरायटर जोडले होते, त्याचं आता कुणाला काही नव्हतं. तेही एक वेळ त्याने सोसलं असतं. पण चाळीस वर्षं या घरात काहीही बिघडलं किंवा सुरू झालं की एकच हाक यायची, "एर्मेते!" ती हाक आज दुसऱ्याच्या नावाने गेली होती.

हे बोर्ड शिकवणाऱ्या वाचनालयातल्या वर्गाला देल्फिनाने आधी त्यालाच बोलावलं होतं. "पोरांची खेळणी ती," असं म्हणून त्याने तोंड फिरवलं. मग ती एकटी गेली. आणि वर्ग घ्यायला कोण? तर सिल्व्हानो. विधुर, कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला सुगंधी पाण्याचा घमघमाट.

सोमवारी देल्फिना बाजारात गेली आणि एर्मेते उठला. कॉम्प्युटरपासून बोर्डापर्यंत जाणारी वायर त्याने काढली आणि आपल्या अवजारांच्या पेटीत तळाशी दडवली. त्या पेटीला त्याच्याखेरीज कुणी हात लावत नसे. मग पत्र्याचा डबा उघडला. फॅक्टरी सुटली तरी तिथला शिरस्ता त्याच्या हातातून सुटला नव्हता. तपासणीत पास झालेल्या भागाला हिरवा ठिपका, नापासाला लाल. घरातली नापास वस्तू लाल ठिपका लावून या डब्यात पडायची. देल्फिना तर तेव्हा फॅक्टरीत तपासणीच्या टेबलावरच होती. एर्मेतेच्या मशीनला तिने लागोपाठ तीन लाल ठिपके दिले, तो भांडायला गेला आणि चार महिन्यांनी लग्न करून बसला.

डब्यातून त्याने दाढीच्या मशीनची वायर उचलली. दिसायला हुबेहूब पहिलीसारखी. पण हिच्यातून फक्त वीज जायची, निरोप जात नसे. ती त्याने बोर्डाला जोडून ठेवली.

संध्याकाळी देल्फिना बोर्डाला नवं काम शिकवायला बसली. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीची माती सुकली की दिवा लागला पाहिजे. दिव्याला वीज मिळत होती, त्यामुळे तो जुनंच आपलं लुकलुकत राहिला. नवं काही त्याच्या डोक्यात शिरेना. कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नव्हता.

"अगं, बिघडला असेल," एर्मेते वर्तमानपत्राआडून म्हणाला. आता ती हाक मारणार म्हणून त्याने चष्मासुद्धा पुसून ठेवला.

देल्फिनाने बोर्ड डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला. मग फोन उचलला. "सिल्व्हानो, जरा घरी येता का?"

झालं! सिल्व्हानो आला तो रोजच येऊ लागला. सोमवारी वाइन घेऊन आला. मंगळवारी हेझलनटची बिस्किटं. बुधवारी देल्फिनाने लसूण आणि खारवलेल्या मासळीचा बान्या काउदा मांडला आणि त्या गृहस्थाने त्यात तीनदा पाव बुडवला. टेबलाशी खुर्च्या तीन असायच्या. एकीवर ती, एकीवर तो, तिसरीवर त्याचा कोट. दोघं कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून खुसुखुसु हसायचे. एर्मेतेच्या अंगाची लाही लाही व्हायची. वर्गात शिकवतो म्हणे! चार दिवसांत या शहाण्याला वायर बदलून बघायचं सुचू नये? हा विचार करून त्याला बरं वाटायचं, पण पुन्हा हसण्याचा आवाज आला की ते बरं वाटणं कुठल्या कुठे जायचं.

शुक्रवारी सिल्व्हानोने हात टेकले. "बाई, असं जमायचं नाही. तुम्ही माझ्या घरी चला. तिथं दुसरा बोर्ड आहे, निवांत बसू."

"चला की," देल्फिना म्हणाली आणि खुंटीवरचा आपला कोट काढून तिने एक हात बाहीत घातलासुद्धा.

एर्मेते ताडकन उठला. वर्तमानपत्र जमिनीवर पडलं.

"कुठं निघालीस? आधी वायर बदलून बघ ना! माझ्याकडे... माझ्याकडे असेल एखादी."

"असेल तर आण मग," ती शांतपणे म्हणाली. हात बाहीतच होता.

तो टेबलावरून वाकून नापास वायर काढायला गेला आणि त्याचा हात थबकला. वायरच्या टोकाला लाल ठिपका होता. त्याचाच. डब्यात टाकताना लावलेला, आणि गडबडीत पुसायचा राहिलेला. चाळीस वर्षांपूर्वी तपासणीच्या टेबलावर बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर तो पाच दिवस लोंबत होता.

मान खाली घालून तो मागच्या खोलीत गेला. पेटी उघडली. वरची कानस, पक्कड, पेचकस बाजूला केले. दडवलेली वायर तळाशी जिथल्या तिथे होती. फक्त तिच्या टोकाला देल्फिनाच्या नेलपॉलिशचा ठिपका होता. हिरवा.

पलीकडे सिल्व्हानो हसत होता. "उठले एकदाचे उस्ताद! सुटलो बाई, निघतो मी. तुमच्या लसणीने पोटाचं वाटोळं झालं माझ्या."

दार लागलं. मग पलीकडून हाक आली.

"एर्मेते! सापडली ना? मग ये आता. कोट उचललाय त्याने तुझ्या खुर्चीवरचा."