मलिद्याचा नवस

"सुखरूप येऊ दे म्हणून नवस बोललो होतो. एलियाहू हन्नबी पैगंबरानं ऐकलंच नाही गं." रूबेनचा बाप भिंतीला टेकून पुटपुटला. लेक लढाईत पडला होता, आणि शोकाचे सात दिवस आईबापाला जमिनीवरच बसायचं होतं.

आईला मागचं आठवत होतं. रेवदंड्याहून इस्रायलला आल्यापासून पोरं रूबेनला चिडवायची, "तू हिंदी, तू कसला यहुदी?" छाती नाजूक म्हणून फौजेनंही आधी परत पाठवलं, तेव्हा लेकरू उशीत तोंड खुपसून रडलं. तिनं भिजल्या पोह्यांत गूळ-खोबरं कालवून हन्नबीच्या नवसाचा मलिदा केला आणि मनातच मागितलं, याला फौजेत घेऊ दे, आपला म्हणू दे.

दार वाजलं. समोरच्या घरातली बाई शोकाच्या घरी द्यायची उकडलेली अंडी घेऊन आली. हिंदी म्हणून आजवर ती या घरचं पाणी प्यायली नव्हती. आज खाली बसली, आईला कवटाळून म्हणाली, "आमचा मुलगा गेला."

ती गेल्यावर बापानं अंडं सोलून पुढं केलं. "घे गं, दोन घास."

"नको हो. त्यांनी आपला म्हणावं, एवढंच मी मागितलं होतं," आई म्हणाली. "दिलं हन्नबीनं."