एकतिसावी

"आईचं नाव काय गं, बाळा?"

"आई."

"ते आहेच. पण बाबा तिला काय म्हणतात?"

मुलीने थोडा विचार केला. "अगं."

"बरं. आणि आई बाबांना काय म्हणते?"

"अहो."

नोंदणीकाकूंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता दोन्ही उत्तरं संगणकात भरली. शेजारी उभ्या असलेल्या संगणकवालीने कपाळाला हात लावला. तिने वर्षभर राबून हे सॉफ्टवेअर तयार केलं होतं. भूकंप झाला, पूर आला, शाळेचं छप्पर कोसळलं आणि मुलं आईबापांवाचून रुग्णालयात आली, तर कुणाचं मूल कुठे आहे हे त्याने चटकन सांगायचं. आज त्याची परीक्षा होती. जवळच्या शाळेतली मुलं खोटी जखमी होऊन आली होती, कपाळाला लाल शाई आणि गळ्यात दुखापतीची चिठ्ठी घालून. सराव नीट पार पडला तर सोमवारपासून सगळ्या खिडक्यांवर सॉफ्टवेअर सुरू. नाही तर पुन्हा काकूंचं जाडजूड रजिस्टर, आणि तिचं वर्ष पाण्यात.

"काकू, असं काहीही भरायचं नसतं हो," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"रकाना रिकामा सोडला की तुझं यंत्र अडून बसतं. मी काय करू? आणि पोर काही खोटं सांगत नाहीये."

संगणकवालीला हसू आलं. या पोरीचं कोडं तिला केव्हाच सुटलं होतं. हा मोठ्या मॅडमचा डाव. रुग्णालयाच्या त्या प्रमुख, आणि लोकांना कोंडीत पकडण्याची त्यांना भारी हौस. स्वतःचं नावही न सांगणारं मूल मुद्दाम रांगेत घुसवायचं आणि गंमत बघत बसायचं. शिकवणही पक्की होती. पोरीच्या गळ्यात चिठ्ठी नव्हती. काय झालंय विचारल्यावर तिने गुडघ्यावरची वाळलेली खपली दाखवली. फोटो काढताना जीभ बाहेर काढली. मनगटावर हिरवा पट्टा बांधू दिला नाही, लालच हवा म्हणून हटून बसली. लाल म्हणजे अत्यवस्थ. आता ती अत्यवस्थ रुग्ण बाकावर पाय हलवत बिस्किट खात होती.

तेवढ्यात मोठ्या मॅडम कागद घेऊन आल्या. "किती नोंदी झाल्या?"

"एकतीस."

"मुलं तीस आहेत. शाळेच्या बाईंनी मोजून आणलीत." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलांचा हिशेब चुकवणारं सॉफ्टवेअर मला नको. दोन मिनिटांत बघून सांगा."

संगणकवाली पडद्याकडे वळली. कुणाची तरी नोंद दोनदा झाली असणार. ती भराभर यादी खाली सरकवत शेवटच्या नावापाशी आली. नाव नाही, चिठ्ठी नाही, आईबापांची नावं म्हणजे निव्वळ थट्टा. ही एक नोंद गेली तर कुणाचं काय बिघडणार होतं? आकडा तर जुळला असता. तिचं बोट 'काढून टाका'वर गेलं.

काकूंनी तिचं मनगट धरलं.

"आकडा जुळावा म्हणून पोर खोडायची का गं?"

तिला मनापासून लाज वाटली. तिने हात मागे घेतला आणि सरळ मॅडमना विचारून टाकलं, "मॅडम, ही शेवटची मुलगी तुम्हीच शिकवून पाठवलीत ना?"

"मी?" मॅडम म्हणाल्या. "मला कुठला आलाय वेळ?"

तिघींनी एकदम बाकाकडे पाहिलं. मुलीने दुसरं बिस्किट उचललं.

म्हणजे ही पोर सरावातली नव्हतीच, खरोखरच कुणाची तरी हरवली होती. संगणकवालीची बोटं थांबली नाहीत. तिने फोटोखालचं दुसरं बटण दाबलं. बाहेर काढलेल्या जिभेसकट तो फोटो सरावापुरत्या जोडलेल्या रुग्णालयातल्या प्रत्येक खिडकीवर झळकला. मिनिटभरात लसीकरणाच्या खिडकीवरून फोन आला. धाकट्याला टोचून घ्यायला एक जोडपं आलंय, त्यांची मोठी मुलगी मघापासून सापडत नाहीये. आई तर रडकुंडीला आलीय.

"लाल पट्टे वाटत होते ना," बिस्किटाचा चुरा झटकत मुलगी म्हणाली, "म्हणून मी रांगेत आले."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. मग हातातल्या कागदावर तीस खोडून एकतीस लिहिलं आणि खाली सही केली. "सोमवारपासून सुरू करा," त्या म्हणाल्या. काकूंनी रजिस्टर मिटून हळूच कपाटात टाकलं.

इतक्यात एक माणूस धापा टाकत दारात आला. मुलीला पाहून तो चौकटीला टेकलाच. मग मागे वळून जिन्याकडे तोंड करून त्याने जीव खाऊन हाक मारली, "अगं, सापडली!"

जिन्यावरून धावत्या चपलांचा आवाज येऊ लागला. कडेवरच्या तान्ह्याला सावरत एक बाई आत शिरली.

मुलीने काकूंचा पदर ओढला आणि विजयाने बोट दाखवलं.

"बघ. सांगितलं होतं ना? हीच अगं."