रुचीची अर्धी प्रार्थना

"आमेन," सुमंतकाका म्हणाले आणि रुचीची प्रार्थना तिथंच संपली.

"प्रभू, माझा भाऊ..." एवढं म्हणून ती थांबली होती. पोरीला शब्द सुचत नाहीत, असं काकांना वाटलं. भावाला आरोग्य दे, चांगली नोकरी दे, दीर्घायुष्य दे, अशी वाक्यं त्यांनी तिच्या वतीने जोडली आणि समारोप केला. सगळे आमेन म्हणाले. त्यानंतर पुन्हा डोळे कोण मिटणार?

पुढच्या गुरुवारी रुचीची खुर्ची रिकामी राहिली.

वाराणसी कँटमधल्या काकांच्या घरी दर गुरुवारी चार-पाच मराठी ख्रिस्ती माणसं जमत. चर्चमधली उपासना हिंदीत. मराठीत प्रार्थना करायची ती इथंच. काकू वारल्या त्या वर्षी हे सुरू झालं. काका काकूंच्या फोटोखाली बसत. मुक्ताबाई सगळ्यांना फोन करत, बायबलमधला शास्त्रभाग ठरवत आणि पहिला प्रश्न विचारत, "सुमंतभाऊ, तुम्हाला काय वाटतं?" मग काका बोलत. रेल्वेतल्या दिनानाथची बडबड चहापर्यंत चाले; काकांनी तोंड उघडलं की तोही गप्प. हा आपला मान, असं काका समजत.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर मुक्ताबाई कप विसळताना म्हणाल्या, "रुचीशी बोलले मी. तिचा भाऊ मागच्या महिन्यात वारला. कुणाला सांगितलंच नव्हतं तिनं. त्या दिवशी पहिल्यांदा सांगत होती."

काकांना आपलंच 'दीर्घायुष्य' पुन्हा ऐकू आलं.

सकाळी ते टोटोने, म्हणजे ई-रिक्षाने, शहरातल्या लंका भागात गेले. रुची शिकत होती त्या विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर ती भेटली.

"मला माफ कर, बेटा."

"अरे काका, छोडिए ना. चहा घ्या आधी."

"नाही. मी तुझं तोंड बंद केलं. सगळ्यांचंच करतो. प्रश्नही माझे, उत्तरंही माझीच." त्यांनी हातातला चहाचा पुरवा, मातीचा कप, बाकावर ठेवला. "आजच पास्टरजींना सांगतो, गट दुसऱ्या कुणाकडे द्या. मुक्ताबाई चालवतील. मी प्रमुख व्हायच्या लायकीचा नाही. पण तू येत जा."

रुची गोंधळली.

"प्रमुख? काका, गट तर मुक्तामावशींचाच आहे. शुरू से. काकू गेल्यावर तुम्ही बोलणंच सोडलं होतं ना? घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी आम्हाला तुमच्याकडे गोळा केलं."

ती थांबली. या वेळी काकांनी तिला थांबू दिलं.

"त्यांनी एकच नियम सांगितला होता. काका बोलायला लागले, की कुणी मध्ये बोलायचं नाही."