अर्धी गोळी

बुधाजीची छाती इतक्या जोरात वाजली, की टोकावड्याच्या थांब्यावर ड्रायव्हरला डबल बेल वाटली आणि त्याने एस.टी. सोडून दिली. खोटं वाटत असेल, तर मागे राहिलेल्यांना विचारा.

बिडी सुटल्यापासून हे असंच चाललं होतं. विहाराच्या कट्ट्यावर शेजारी बसलेली शालन एकदा म्हणाली होती, "अवो, बिडी तरी सोडा, नायतर पलीकडं जाऊन बसा." जन्माची बिडी बुधाजीने त्याच दिवशी सोडली. त्याची बायको गेलेली, तिचा नवरा गेलेला. दोघंही एकटी.

बिडी सुटली आणि जग सैल झालं. हात थरथरू लागले. भाकरी गोड लागेना. झोप उडाली, ती परत खाली उतरेचना. दुपारी अंगणात बसलं की समोरचा सिद्धगडाचा डोंगर हळूच उठायचा, भाताच्या खाचरांतून पाय न भिजवता चालत यायचा आणि कुंपणाला टेकून बसायचा. बगळे पाणी सोडून आभाळातून चालायचे. त्या सगळ्यातून शालनचं आकाशी लुगडं ढगासारखं सरकत जायचं, आणि छातीत ढोलकी सुरू.

"या वयात!" बुधाजी स्वतःशीच लाजला. त्याने ठरवलं, पुनवेला वंदना झाली की तिला विचारायचं, एका चुलीवर भात शिजवायचा का.

त्याआधीच तो विहिरीपाशी भोवळ येऊन पडला. मुलाने, प्रशांतने, त्याला मुरबाडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली.

"काका, नवीन काय सुरू केलंत?"

"काय नाय. उलट बिडी सोडली."

"आणि दम्याची गोळी?"

"ती रोज. जुनीच."

बाई हसल्या. "बिडीच्या धुरामुळे तुमचं अंग ती गोळी भराभर संपवत होतं. आता धूर नाही, तर तीच गोळी अंगात साठतेय. धडधड, थरथर, झोप उडणं, सगळं तिचंच. बिडी सोडलीत ते छान केलंत. आता गोळी अर्धी करू."

"सगळं गोळीचं?"

"सगळं."

अर्धी गोळी लागू पडली. सिद्धगड मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. बगळे पाण्यात उतरले. भाकरी गोड लागली. शालन समोरून गेली तरी छाती सुट्टीतल्या शाळेसारखी गप. बुधाजीला मात्र घर पहिल्यांदाच रिकामं वाटलं.

पुनवेला तो कट्ट्याच्या पार टोकाला बसला.

"लांब का? परत बिडी धरली?" शालनने विचारलं.

"नाय गो. तुला विचारणार होतो, एका चुलीचं. पण ते माझं नव्हतं. गोळीचं होतं. आता अर्धी घेतो."

शालनच्या हातातली मेणबत्ती थरथरत होती. एवढ्यात खाली टोकावड्याच्या थांब्यावरून एस.टी. वेळेआधीच सुटली. माणसं ओरडत मागे धावली. बुधाजीने घाईघाईने छाती चाचपली. गप होती.

"या टायमाला माझी नाय," तो म्हणाला.

"माझी हाय," शालन म्हणाली. "आणि मी तर कसलीच गोळी घेत नाय."