नववा बिल्ला

"काकू, पाडा ते दार खाली, बंद करा!" मिस्त्री ओरडला. "आत चाळीस जीव आहेत!"

"नऊ झाले नाहीत अजून," काकू म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू.

ग्रहावरचं विषारी वादळ दारातून आत घुसत होतं. धूळ इतकी दाट, की दार पाडायच्या दांड्यावरचा स्वतःचा हातही काकूला दिसेना. सकाळी टोळी बर्फ तोडायला निघाली तेव्हा तिने नऊ डोकी मोजली होती. आता कानांवरच भिस्त. आत येणारा प्रत्येक जण आपला बिल्ला दाराशेजारच्या डब्यात टाकायचा. जितके बिल्ले, तितक्या जिवांची हवा घुमटात सुटायची.

टण्. सहा.

"पोटचा पोरगा बाहेर आहे म्हणून आम्हाला मारताय!"

"पोरगा आहे, सून आहे. तुझा भाऊ आत्ता पाचवा आला, खोकला ओळखला मी. चारावरच पाडायला हवं होतं का रे?"

आतल्या खोलीत मुलं खोकत होती. एक खोकता खोकता थांबलं.

टण्. सात.

काकूचा मुलगा टोळीचा मुकादम. सगळ्यांना आत घालून मगच तो स्वतः आत यायचा. देवा, आण रे त्याला, ती मनात म्हणत राहिली.

टण्. आठ. पाठोपाठ लगेच, टण्.

"नऊ!"

तिने दोन्ही हातांनी दांडा ओढला. दार वरून धाडकन खाली आलं. वादळ सरेपर्यंत ते आता कुणाच्या बापाला उघडणार नव्हतं. तीन दिवस, कदाचित चार. काकू मटकन खाली बसली. तिचे हात आपोआप जोडले गेले.

पंखे धूळ ओढू लागले.

"चुकलं माझं," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "काकू, तुमचं मोजणं म्हणजे मोजणं."

सून चाचपडत येऊन शेजारी टेकली. तिने मुखवटा काढला. चेहरा घामाने चिंब, आणि तरी हसरा.

"तो कुठंय गं? त्याला आधी पाणी दे."

"माझ्या मागेच होते, येतील. ते यायच्या आत तुम्हाला एक सांगते, आई." सुनेने आवाज खाली आणला. "डॉक्टरीणबाईंनी सकाळी मला दुसरा बिल्ला दिला. पोटातल्या जिवालाही हवा लागते ना. आत्ता दोन्ही टाकले मी."