चेहऱ्यांची शिकवणी

“हा कसला चेहरा? सांग पटकन.” प्रभाताईंनी भुवया वर चढवल्या, डोळे मोठे केले, तोंडाचा आ केला.

“आनंद,” हृषीकेश म्हणाला.

“अरे, नीट बघ की! कुत्रं अंगावर आल्यावर माणूस असा खूश होतो होय?”

तो हसला नाही. आईच्या तोंडाकडे बघतच राहिला. प्रभाताईंनी उभी हयात बालवाडीत काढलेली. हसरा, रडका चेहरा करून दाखवला की शेंबडी पोरंसुद्धा ओळखायची. आणि हा एवढा मोठा घोडा, इंजिनिअर झालेला, सकाळपासून चुकत होता. त्यांना राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

पुण्यात नोकरीला असताना मित्रांच्या पार्ट्यांमध्ये त्याला कोकेनची चटक लागली. घरच्यांनी सोलापूरला परत आणला, दवाखाने केले, आणि ते सुटलं एकदाचं. पण जाताना काहीतरी घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले होते, अशा काहींना समोरच्याच्या तोंडावरची भीती, राग, दुःख नीट कळत नाही. सरावानं फरक पडेल, पण खात्री नाही. कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. एवढं मोठं संकट टळलं, त्यात हे काय घेऊन बसायचं!

मग उन्हाळ्यात एकदा तो लेकीला घेऊन गच्चीवर गेला आणि तिला कठड्यावर बसवलं. खाली तीन मजले. संस्कृती जागच्या जागी थिजली. डोळे मोठे, तोंड उघडं, आवाज नाही.

“देवयानी, लवकर ये! बघ कशी खूश झालीय!” तो बायकोला हाका मारत होता.

देवयानीनं धावत येऊन पोरीला ओढून घेतलं. काय झालं, काय झालं, म्हणून तो बिचारा विचारत राहिला. दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन माहेरी बार्शीला गेली. जाताना सासूला म्हणाली, “आई, मी काही संसार मोडून चालले नाही. पण पोरीचं तोंड ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या हाती तिला कशी देऊ? ते जमलं की बोलवा. पळत येईन.”

तेव्हापासून ही शिकवणी सुरू झाली. भाजी निवडताना, चहा पिताना, लाइट गेली तर मोबाईलच्या उजेडात. शेजारच्या इंद्रायणीबाईंना वाटायचं, म्हातारीला वेड लागलंय. लागेना का! रडका चेहरा त्याला येऊ लागला. राग कधी जमायचा, कधी नाही. भीती तेवढी काही केल्या येईना. पण प्रभाताईंना नातीवाचून घर खायला उठलं होतं. शेवटी त्यांनी बार्शीला फोन करून ठोकून दिलं, “सगळं येतंय गं त्याला आता. ये तू.”

आणि आज ती येत होती. शेंगाची पोळी करून झाली होती, आणि हा अजून भीतीला आनंद म्हणत होता.

“पुन्हा बघ,” प्रभाताई काकुळतीला येऊन म्हणाल्या. “आधी डोळे बघ. मग भुवया. मग तोंड. घाई करू नकोस, राजा.”

तेवढ्यात बेल वाजली.

दारात देवयानी उभी होती. तिच्यामागे, तिची ओढणी घट्ट धरून, संस्कृती. केवढी उंच झाली होती! हृषीकेश गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पसरले. पोरगी हलली नाही.

तो तिच्याकडे बघत राहिला. आधी डोळे. मग भुवया. मग तोंड. आईनं सांगितलं होतं तसंच, एकेक करून. आणि तो एकदम खुलला.

“भीती! आई, ही भीती आहे! बरोबर ना?”

प्रभाताईंनी देवयानीकडे बघितलं.

“बरोबर,” देवयानी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “बरोबर ओळखलंत.”

हृषीकेश हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. हात पसरलेलेच राहिले.

“मला?” त्यानं विचारलं. “मला घाबरतेय ती?”

देवयानीनं पोरीला उचलून घेतलं. पोरीनं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

“मी राहणारच होते, आई. शब्द दिला होता,” देवयानी म्हणाली. “पण हिला नाही हो जमायचं.” तिनं चपला काढल्याच नव्हत्या. जिन्यात पावलं वाजली आणि थोड्या वेळानं ऐकू यायची थांबली.

हृषीकेश तसाच गुडघ्यांवर बसून होता. मग उत्तर चुकलं की बरोबर आलं, हे बघायला रोजच्या सवयीनं तो आईच्या तोंडाकडे वळला.

प्रभाताईंनी झटकन पदर तोंडावर ओढून घेतला. आता त्याला ओळखता येत होतं.