स्लीव्हची जाडी

वीरण्णाने इंजिनाचं हेड उचललं, आत बोट फिरवलं आणि बोट तिथंच थांबलं. स्लीव्ह वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती. सिलिंडरच्या आतली ही लोखंडी नळी. पिस्टन तिच्यातूनच वरखाली पळतो. चिरेतून एक कपची सुटून पिस्टनमध्ये रुतली होती.

समोर केरबा उकिडवा बसला होता. निजामाच्या राजवटीतली आपली मोटरसायकल त्याने बैलगाडीवर घालून उदगीरला आणली होती. तिच्या साईडकारच्या जागी पत्र्याची टाकी. गावातले आड आटल्यापासून दिवसभर खेपा घालून तो गावाला पाणी आणत होता.

"अण्णा, तुमच्या कामात खोट न्हाई," केरबा म्हणाला. "म्याच चढाला लई ताणली. टाकी काठोकाठ भरायची खोड मला. आपल्या हातानं वाटोळं केलं बघा."

वीरण्णाने फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले.

"गावात कुणी बोलंना माझ्याशी. गाडी बसली, पाणी बंद झालं. तुळजाबाई जुन्या आडात उतरली, गाळातलं पाणी भराय. पाय घसरला, हात मोडला म्हातारीचा. तिचा लेक माझ्या दारात थुंकून गेला." केरबाने मान खाली घातली. "बराबरच हाय त्याचं."

पाडव्याच्या सुमाराला हे काम वीरण्णानेच केलं होतं. स्लीव्ह झिजून ऐसपैस झालेली. त्या मापाचा पिस्टन कुठं मिळत नव्हता. हाताशी होता तो दुसऱ्या गाडीचा, थोराड. तो बसवायचा तर स्लीव्ह आतून आणखी कापायला हवी. वीरण्णाने माप घेतलं. कापल्यावर भिंत दीड मिलिमीटरसुद्धा उरत नव्हती. ओझ्याच्या गाडीला दोनच्या खाली जायचं नाही, हे तो आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आला होता. जुनी नळी काढून नवी ठोकायची, हाच खरा इलाज. पण नवी हैदराबादहून आणावी लागणार, आणि त्या दिवशी दुकानात चार माणसं चहाला बसलेली. लातूर नुकताच जिल्हा झालेला, तिथं नव्या मशिनी आलेल्या. कुणीतरी हसून म्हणालं, "अण्णा, असली कामं आता लातूरलाच होतात म्हणं."

"मग उदगीरला काय आम्ही वांगी चिरत बसलोय?" वीरण्णा म्हणाला होता. सगळे हसले होते, आणि त्या हसण्यातच त्याने मशीन सुरू केली होती.

"काही होतंय का बघा ना, अण्णा," केरबा म्हणाला.

वीरण्णाने चिमट्याने ती कपची ओढून काढली आणि केरबाच्या तळहातावर ठेवली. डब्याच्या पत्र्यासारखी ती पातळ होती.

"तुझं काही चुकलं न्हाई, केरबा. भिंत पातळ राहिली होती. कापायच्या आधीच मला ठाऊक होतं."

केरबा तळहाताकडे बघत राहिला. कपचीची कड बोटाने चाचपत म्हणाला, "मग त्या दिशी बोल्ला का न्हाईत?"

"माणसं बसली होती."

हे बोलताना वीरण्णाचा आवाज इतका खाली गेला की ते केरबाला ऐकू आलं की नाही, कळेना. पण आलं होतं. केरबाने फक्त मान हलवली.

"उद्याच हैदराबादची गाडी धरतो," वीरण्णा घाईघाईने म्हणाला. "नवी स्लीव्ह आणतो, बसवून देतो. तू काही द्यायचं न्हाई."

"ते मागून बघू." केरबा उठला. "आधी गावात चला. हे तिथं सांगा."

मोटरसायकल दुकानात ठेवून दोघं रिकाम्या बैलगाडीवर बसले. बाजारातून जाताना ओळखीच्या दुकानदारांनी हात जोडले, "शरणार्थ, अण्णा! कुठं निघाला?" वीरण्णाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गावाच्या तोंडाशी गाडी दिसताच बाया घागरी घेऊन पळत आल्या. पाणी आलं, असंच त्यांना वाटलं होतं. जवळ येऊन त्या थबकल्या. मागोमाग गडी माणसंही जमली.

वाटेत जुळवलेले शब्द वीरण्णाला आठवेनात. तो गाडीतून उतरला आणि धुळीकडे बघत म्हणाला, "मोटरसायकल माझ्यामुळं बसली. मी तिची नळी नको तेवढी कापली. केरबाची चूक न्हाई."

"चुकून कापली?" तुळजाबाईच्या लेकाने विचारलं.

"न्हाई. जाणून."

आता शिव्या येतील, अंगावर धावून येतील, म्हणून वीरण्णा खांदे आवळून उभा राहिला. पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. सगळ्यांच्या नजरा केरबाकडे गेल्या आणि लगेच खाली वळल्या. तुळजाबाईचा लेक दुसऱ्या कुणाच्या तरी मागं सरकला. मोडका हात गळ्यात अडकवलेली म्हातारी मात्र पुढं आली.

"केरबा," ती म्हणाली, "भाकर खाल्लीस का रं?"

 केरबाने बैल सोडले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि वीरण्णाला म्हणाला, "चला अण्णा, उजेड हाय तवर फाट्याला सोडतो. येष्टी मिळंल."

"मी जातो की एकटा."

"वाट ठाऊक न्हाई तुम्हाला."

केरबा पुढं निघाला. वीरण्णा त्याच्या मागं. मधेच केरबा थांबून त्याची वाट बघायचा. तसा वीरण्णाही मागंच थांबायचा. बरोबरीने चालणं काही त्याला जमलं नाही.